मुलांजेवरची एक रात्र

मी फटकळ आहे असं अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातली सगळी मराठी मंडळी म्हणतात, आणि ते खरं आहे. शुक्रवारी दुपारी चार वाजता मॅनेजरने काम आणून टाकलं तर मी त्याला तोंडावर नाही म्हणते. गणपतीत दोनशे मोदक वळशील का, असं मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं तेव्हाही मी नाही म्हटलं होतं, आणि अध्यक्ष वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. एका माणसाला मात्र मला नाही म्हणता आलं नाही. त्यांचं नाव राजाराम थोरात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझी चूक लिहिल्याशिवाय सुटका नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

काका मला पहिल्यांदा भेटले ते एका जिन्यात. शंतनूचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, खांदा दुखावला होता आणि त्याला दर शनिवारी फिजिओथेरपीला सोडायचं काम माझ्याकडे होतं. हॉस्पिटलची पार्किंगची इमारत सहा मजली, शनिवारी बहुतेक रिकामी. मी गाडी लावून खाली उतरत होते, तर एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ वर चढत होते. डोक्याला माकडटोपी, पायात नवे ट्रेकिंगचे बूट, पाठीवर लहान मुलीची गुलाबी शाळेची बॅग. मी शंतनूला आत पोचवून, गाडीत विसरलेली पर्स आणायला परत आले, तर हे पुन्हा खालून वर. सोबत या वेळी सिक्युरिटी गार्ड होता. तो अगदी नम्रपणे विचारत होता, सर, तुमची गाडी सापडत नाहीये का?

"नो कार," काका म्हणाले. "माउंटन."

गार्डने माझ्याकडे पाहिलं. भारतीय दिसणारी बाई आहे, हिला कळेल, असा त्याचा चेहरा. मी काकांना मराठीत विचारलं, कारण माकडटोपी घालून हॉस्पिटलचा जिना चढणारा माणूस दुसरा कुठला असणार?

"काका, काय करताय?"

"डोंगर चढतोय," ते म्हणाले. "या गावात डोंगर नाही गं. साधी टेकडी नाही. सगळं परातीसारखं सपाट. मग म्हटलं, हा जिना काय वाईट आहे?"

बॅगेत दहा पौंडांची तांदळाची पिशवी होती.

बोलण्यातून कळलं की आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहणाऱ्या वेदांतचे हे वडील. वेदांत गाड्यांच्या ब्रेकचं काम करणारा इंजिनिअर, आमच्या ओळखीचा. त्याची आई, सुमित्राकाकू, वारल्यावर त्याने वडिलांना इकडे आणलं होतं. काका मूळचे सांगलीकडचे. साखर कारखान्यात बॉयलरवर आयुष्य गेलं. मधली चार वर्षं तेवढी वेगळी. तिशीत असताना ते आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात, एका चहाच्या कारखान्याचा बॉयलर सांभाळायला गेले होते. त्या चहाच्या मळ्यांच्या डोक्यावर मुलांजे नावाचा डोंगर आहे. डोंगर म्हणजे आपल्याकडचा सुळका नाही, मैलोन् मैल पसरलेला कातळ. वर पठार, पठारावर लाकडी झोपड्या. माणसं शनिवारी चढतात, झोपडीत रात्र काढतात, रविवारी उतरतात.

"आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा," काकांनी मला सांगितलं. "चार वर्षं रोज बघितला. कारखान्यातली पोरं दर शनिवारी विचारायची, साहेब, येता का? मी म्हणायचो, पुढच्या शनिवारी. कधी बॉयलरची ट्यूब फुटायची, कधी पाऊस. आणि हिला विचारलं की ही म्हणायची, डोंगर कुठे पळून जातोय? तिचं बरोबरच होतं. डोंगर नाही पळाला. आमचंच कंत्राट संपलं. आठ दिवसांत सामान बांधून निघालो."

त्यांना शिखर वगैरे काही नको होतं. एक रात्र वर झोपायचं, सकाळी खालचे चहाचे मळे बघायचे आणि उतरायचं. "खालून वर चार वर्षं बघितलं. एकदा वरून खाली बघायचंय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तू ट्रेक केलेस ना? वेदांत सांगत होता."

केले होते. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना दर रविवारी मी कुठल्या ना कुठल्या गडावर असायचे. वीस वर्षं झाली त्याला.

"मग येतीस काय माझ्याबरोबर? जूनमध्ये?"

"हो काका, नक्की," मी म्हणाले.

तो हो कसा होता, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. आपण वयस्क माणसांना असेच हो म्हणतो. एकदा गावाला या, हो नक्की. लग्नाला आलंच पाहिजे, हो नक्की. त्यांना वाईट वाटू नये आणि विषय पुढे सरकावा, एवढाच त्या होकाराचा अर्थ. इंग्रजीत मी कुणालाही नाही म्हणू शकते; मराठीत काका म्हणून हाक मारलेल्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभच वळत नाही. पण काका बॉयलरवर वाढलेले. दाबाचा काटा लालवर गेला म्हणजे गेला. हो म्हणजे हो.

पुढच्या शनिवारी ते वही घेऊन आमच्या घरी हजर. कारखान्यात हंगाम संपल्यावर बॉयलर उघडून साफ करायची जशी योजना आखतात, तशी त्यांनी ट्रेकची आखली होती. कुठलं काम कुणाचं, कधी सुरू, कधी संपणार, कुठे अडेल, अडलं तर काय करायचं. तिथल्या एका गाइडशी त्यांची ईमेल चालू होती. त्याचं नाव गिफ्ट. "देवाने दिलेलं पोरगं म्हणून गिफ्ट. आपल्याकडे देवदत्त नाही का," काकांनी मला समजावलं. झोपडीत चूल कुठल्या बाजूला, रखवालदार पाणी उकळून देतो का, वाटेत ओढे किती, ओढ्याला पाणी चढलं तर कुठे थांबायचं, असले प्रश्न ते त्याला विचारत. गिफ्टही चिकाटीचा. प्रत्येकाचं उत्तर देई आणि शेवटी लिही, हळूहळू चढू सर, डोंगर कमी होत जातो.

मला मजा यायला लागली, हे कबूल करते. शनिवारी सकाळी काका यायचे, मी पोहे करायची, आणि दोन तास आम्ही स्लीपिंग बॅग, टॉर्च, गोळ्या, गुळाचे खडे यांवर वाद घालायचो. शंतनूने मला एकदा विचारलं, "यार, तू खरंच जाणारेस?" मी म्हटलं, "छे रे! त्यांचा वेळ छान जातो, जाऊ दे ना." हे वाक्य मी किती सहज बोलले! त्यांचा वेळ जात होता हे खरंच होतं. तो फार उरलेला नव्हता, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्च संपता संपता तिकिटं काढायची वेळ आली आणि वेदांतने मला ड्राइव्हवेवर गाठलं.

"नेत्रा, तू बाबांना हो म्हणालीस?"

"तू नाही म्हणाला नाहीस?"

"मी पण हो म्हणालो," तो म्हणाला. "मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू सगळ्यांनाच म्हणतेस!"

"मला वाटलं, तू मुलगा आहेस, तू म्हणशील."

"मी डॉक्टरवर टाकलं होतं. तर तो म्हणाला, गो फॉर इट. देवयानीला म्हटलं, तू सांग. तर ती म्हणे, सासऱ्यांना मी कशी नाही म्हणू?"

आम्ही दोघं चाळिशीतले, दोन-दोन डिग्र्या घेतलेले, त्या ड्राइव्हवेवर शाळेतल्या पोरांसारखे उभे होतो. तिथे जवळ धड हॉस्पिटल नाही, काही झालं तर काय करायचं, असं वेदांत पुन्हा पुन्हा म्हणत होता. मलाही काळजी होती. पण खरं सांगायचं तर ती अर्धीच. उरलेलं अर्धं असं की मला जायचंच नव्हतं. दोन आठवड्यांची सुट्टी, दोन विमानं बदलायची, लाकडी फळीवर झोपायचं. मला ट्रेक नको होता, शनिवारचे ते दोन तास हवे होते.

काकांनी स्वतःच एक परीक्षा ठरवली होती. बॉयलर पेटवण्याआधी त्यात पाणी भरून तो दीडपट दाबावर तपासतात. रोज जेवढा दाब लागणार त्याच्या दीडपट झेलला आणि कुठे गळती नाही, तरच आग घालायची. झोपडीपर्यंतची चढण साधारण हजार मीटर. म्हणजे काकांनी एका दिवसात दीड हजार मीटर चढायचं. सहा मजली जिना शंभर वेळा. मेच्या पहिल्या शनिवारी. तोवर तिकिटं काढायची नाहीत, असं त्यांनीच सांगितलं. मी आणि वेदांतने एकमेकांकडे पाहिलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस शंभर वेळा चढणार नाही, प्रश्न आपोआप सुटेल, कुणाला काही बोलावं लागणार नाही. आम्ही दोघंही उत्साहाने हो म्हणालो.

सकाळी सातला सुरुवात झाली. मी तळाशी खुर्ची टाकून वहीत खुणा करत बसले होते. दर दहा फेऱ्यांनी ते गुळाचा खडा आणि शेंगदाणे खात, दोन घोट पाणी पीत आणि पुन्हा निघत. उतरायलाही जिनाच. लिफ्ट वापरा म्हटलं तर म्हणाले, मुलांजेला लिफ्ट नाही. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. जेवण म्हणून अर्धी पोळी. एकाहत्तराव्या फेरीला ते दुसऱ्या मजल्यावर थांबले. कठडा धरून खाली वाकले. मी खुर्चीतून उठले, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? सुटलो. त्याची मला आजही लाज वाटते. काकांनी बुटाची सुटलेली नाडी बांधली आणि चढायला लागले.

सव्वाचारला शंभरावी फेरी संपली. ते माझ्या शेजारच्या पायरीवर बसले, मनगट पुढे केलं आणि म्हणाले, "बघ." दहा मिनिटांत नाडी ताळ्यावर आली होती. टोपी काढून त्यांनी घाम पुसला. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

"गळती नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन खोटं बोलले.

काय बोलायचं ते मी आणि वेदांतने फोनवर ठरवलं होतं. इथे आमच्यासारख्यांकडे एक कारण असतं, ज्याच्यापुढे कुणी ब्र काढत नाही. माझं ग्रीन कार्ड अकरा वर्षं रखडलं होतं. कार्ड येईपर्यंत देशाबाहेर जाऊन परत येता येईल असा परवानगीचा कागद माझ्या हातात होता, आणि जायला हरकत नाही असं वकिलाने ईमेलमध्ये लिहिलंही होतं. मी काकांना सांगितलं, "काका, लॉयर नको म्हणतोय. आता बाहेर गेले तर रिस्क आहे. केस अडकली तर सगळंच कॅन्सल."

त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला होता. गॅस बारीक करून ते वळले. मला वाटलं, ते दुसरी वाट काढतील, वाद घालतील. त्यांनी क्षणभरसुद्धा शंका घेतली नाही.

"अगं मग नाहीच जायचं," ते म्हणाले. "अकरा वर्षं थांबलीस, आता डोंगरापायी घालवायचं काय? कागदाचं काम आधी. आपण पुढच्या वर्षी जाऊ."

मला रडू आलं. ट्रेक हुकला म्हणून रडते आहे असं समजून ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी दोन बिस्किटं त्यांनीच बळेबळे खायला लावली.

ऑगस्टमध्ये कार्डं आली. माझं आणि शंतनूचं. कार्ड आलं की लोक पेढे वाटतात, सत्यनारायण घालतात, मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकतात. ज्याची अकरा वर्षं वाट पाहिली, ते कार्ड मी मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी लपवलं. शंतनू म्हणाला, "सांगून टाक ना त्यांना, आता तर जाता येईल." पण कार्ड आलं म्हटलं की लगेच वही उघडणार, आणि या वेळी कारण कुठलं सांगायचं? मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. वेदांत-देवयानीलाही काकांना काही सांगू नका म्हटलं.

ते थोडे दिवस लांबतच गेले. काका शनिवारी यायचे आणि दारातच विचारायचे, "कार्डाचं काय?" मी नकारार्थी मान हलवायची. ऑक्टोबरात देवयानीकडून कळलं की काका माझ्या कार्डासाठी संकष्टी करताहेत. चंद्र कधी उगवतो ते फोनवर बघून, तोवर उपाशी. मी घरी येऊन शंतनूवर विनाकारण खेकसले. कार्ड आल्याचं तरीही सांगितलं नाही. दर महिन्याला एक माणूस माझ्या खोटेपणासाठी उपास करत होता आणि मी दर महिन्याला ठरवत होते की पुढच्या महिन्यात सांगू.

जानेवारीत काका कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेले आणि न दिसणाऱ्या बर्फावरून घसरले. गुडघा आतून फाटला. ऑपरेशन झालं, मग फिजिओथेरपी. मी भेटायला गेले, तर पाय उशीवर ठेवून म्हणतात कसे, "बरं झालं बघ. तुझ्या कार्डालाही उशीर, माझ्या गुडघ्यालाही. दोन्ही एकदम तयार होतील."

एप्रिलच्या शेवटी ते कुणाला न सांगता जिन्यावर जाऊन आले. पहिल्याच फेरीत दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि कठडा धरून, एकेक पायरी, उतरले. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही एखादा व्हॉल्व्ह बदलायला झालाय, अशा आवाजात.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. काका काठी टेबलाला टेकवून मटार सोलत होते. शेजारी आन्या, त्यांची अकरा वर्षांची नात, गृहपाठ करत होती. काकांनी सवयीने विचारलं, "कार्डाचं काय?" मी नेहमीची मान हलवणार, एवढ्यात आन्याने वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "आजोबा, शी ऑलरेडी हॅज इट. लास्ट समर. मॉम सेड वी आर नॉट सपोज्ड टू टेल यू."

मग तिलाच काहीतरी जाणवलं. ती वही घेऊन उठून गेली.

काकांनी हातातली शेंग सोलून संपवली. मी बोलायला लागले, वेदांतचं नाव घेतलं, काळजीचं सांगितलं, वकिलाचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"मला नाही म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "मला राग आला असता. दोन दिवस आलो नसतो तुझ्याकडे."

"काका, चुकलं माझं."

"तसं नव्हे गं. गेल्या मेमध्ये तू वकिलाचं सांगितलंस ना, त्या दिवशी मी गिफ्टला लिहिलं, आमचं रद्द. त्याने लगेच उत्तर दिलं. म्हणाला, सर, तुम्ही एकटे या. मी आहे, ओझं उचलायला माझा भाऊ आहे, चार दिवस लागले तर चार दिवस लावू, पण तुम्हाला वर नेतो. मी वेदांतला सांगणार होतो की जातो म्हणून. पेन्शन माझी आहे, पासपोर्ट माझा आहे, तो काय अडवणार होता?" त्यांनी सोललेले दाणे भांड्यात टाकले. "मग मनात आलं, पोरीने माझ्याबरोबर एवढी तयारी केली. तिचे कागद अडले म्हणून तिला टाकून जायचं, हे बरं नाही. म्हणून गिफ्टला लिहिलं, ती मोकळी झाली की दोघं येऊ."

आत्ता जाऊ, गाडीने जिथवर जाता येईल तिथवर जाऊ, असलं काहीतरी तोंडाशी आलं होतं. ते बोलण्याचीही हिंमत झाली नाही.

काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं. रागाने नाही. एखाद्या जाणकाराला कामातलं विचारावं, तसं.

"तू ट्रेक केलेस. तुला कळतं. त्या शंभर फेऱ्या तू स्वतः बघितल्यास. गेल्या जूनमध्ये मी एकटा गेलो असतो, तर पोचलो असतो ना गं वर?"

नाही म्हटलं असतं तर त्यांना जरा हलकं वाटलं असतं. हुकलं ते हुकणारच होतं, असं म्हणून त्यांनी मन समजावलं असतं. नाही म्हणण्याची संधी शेवटी माझ्यासमोर आली होती, आणि ते पुन्हा एक खोटंच झालं असतं.

"पोचला असता, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि पुढची शेंग उचलली.